विंडोज ७, २ जीबी रॅम, पेन्टियम डबा. मुलीसाठी पायथन टाकायचंय, काही होईल का?

रोहाऊसवाला | शनिवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, आधीच माफी मागतो. मी कोपरखैरण्याला राहतो, रबाळे एमआयडीसीत स्टोअरला आहे. मुलगी कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, आता तिला पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला आहे. वर्गात सांगितलं की लेटेस्ट पायथन टाका, कोड लिहायला व्हीएस कोड टाका आणि घरी प्रॅक्टिस करा. घरी कॉम्प्युटर आहे म्हणजे आहे, पण तो आमच्या ऑफिसने जुने पीसी काढले तेव्हा मी उचलून आणलेला. पेन्टियम ड्युअल कोअर ई५२००, २ जीबी रॅम, १६० जीबीची हार्डडिस्क, विंडोज ७ ची ३२ बिट. दोन वर्षं माळ्यावर होता, गेल्या आठवड्यात खाली काढला. पहिल्यांदा नुसता टुं टुं टुं करत होता, रॅम काढून खोडरबरने घासून बसवली तर चालू झाला, एवढं मला येतं.

आता काय काय झालं ते सांगतो. मुलीच्या मैत्रिणीने पेन ड्राइव्हवर पायथन ३.१३ दिलं, ते उघडलं की विंडोज १० लागेल असं काहीतरी सांगून बंद होतं. व्हीएस कोड दिला तो म्हणतो हे एक्स६४ साठीच आहे. मग म्हटलं स्वतःच डाउनलोड करू, तर क्रोममध्ये अर्ध्या साइट उघडतच नाहीत, लाल रंगात काहीतरी येतं, त्यामुळे सगळं मोबाईलवर उतरवून ओटीजीने इकडे आणतोय. कुठेतरी वाचलं की पायथन ३.८ चालतं म्हणून ते आणलं, तर ते म्हणतं सर्व्हिस पॅक १ नाही. बाकी मशीन तसं ठीक आहे, चालू करताना दर वेळी काळ्या स्क्रीनवर एफ१ दाबा म्हणतो, दाबलं की पुढे जातो.

मी २००१ ला आयटीआयमधून कोपा, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटरचा कोर्स, केलंय, टर्बो सीची निळी स्क्रीन, डॉस, थोडं फॉक्सप्रो एवढंच माझं ज्ञान, त्यानंतर कीबोर्डवर फक्त जीआरएन, म्हणजे आलेल्या मालाच्या नोंदी, भरल्यात. नवीन लॅपटॉप दिवाळीपर्यंत तरी जमणार नाही. तोपर्यंत या डब्यावर तिचं काम निघेल का, का मी उगाच वेळ घालवतोय ते सरळ सांगा.


ऐरोली_नाका | रविवार, सकाळी ९:१५

दादा खरं सांगू का, भंगारात द्या. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, त्यावर नेट चालवणं म्हणजे दार उघडं टाकून गावाला जाणं. सेकंडहँड लॅपटॉप घ्या, ऑफिसातून निघालेले चांगले मिळतात, आठ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला बघा, पोरीचं डिप्लोमा आणि पुढचं डिग्रीपण निघेल.


बॅकबेंचर_०७ | रविवार, सकाळी १०:४०

वरच्यांनी प्रश्न वाचलाच नाही बहुतेक, काका म्हणतायत दिवाळीपर्यंत जमणार नाही.

काका मी पण डिप्लोमालाच आहे, तिसऱ्या वर्षाला. टेन्शन घेऊ नका. पहिली गोष्ट, लेटेस्टच पाहिजे असं काही नसतं, सर बोलतात कारण त्यांना तेच वाक्य पाठ आहे. विंडोज ७ वर चालणारं शेवटचं पायथन ३.८, ३.९ पासून पुढे ८.१ किंवा वरचं विंडोज लागतं. आणि ३.८ मध्ये पण ३.८.१० च घ्या, कारण त्यानंतरच्या ३.८ चे विंडोजचे इन्स्टॉलर काढलेच नाहीत, फक्त सोर्स कोड दिलाय. खूप पोरं ३.८.२० च्या पेजवर जाऊन एक्सई शोधत बसतात आणि मग बोलतात साइट खराब आहे. ३२ बिटवाली फाइल घ्या, नावात एएमडी६४ असेल ती ६४ बिटवाली, ती नाही.

दुसरी गोष्ट, व्हीएस कोड विसरा. विंडोज ७ ला चालणारा शेवटचा १.७०.३ आहे, तो ३२ बिटमध्ये मिळतो, पण २ जीबीमध्ये तो उघडेपर्यंत चहा होतो. थॉनी टाका. त्याच्या साइटवर पायथन ३.८ वाला वेगळा ३२ बिट इन्स्टॉलर असतो, विंडोज ७ पासून चालतो, आणि त्यात पायथन आतच येतं. साधा आहे, एक एक ओळ चालवून व्हेरिएबलमध्ये काय चाललंय ते शेजारी दिसतं, शिकायला व्हीएस कोडपेक्षा चांगला असं माझं मत.

आणि टर्बो सीचं बोलाल तर आमच्या लॅबला अजून तेच आहे, विंडोज ११ वर डॉसबॉक्समध्ये 😭


बायोस_बाबा | रविवार, दुपारी १:२०

सगळे व्हर्जन व्हर्जन करतायत पण रोहाऊसवाल्यांनी जाता जाता एक वाक्य टाकलंय ते कोणी वाचलं नाही. दर वेळी एफ१ दाबा म्हणतो. आणि क्रोममध्ये अर्ध्या साइट लाल. भाऊ, खाली उजव्या कोपऱ्यात तारीख बघा आणि इथे सांगा. माझी पैज, २००८ नाहीतर २००९ दाखवत असणार.

मदरबोर्डवर एक गोल सेल असतो, सीआर२०३२, मशीन बंद असताना घड्याळ आणि सेटिंग तोच धरून ठेवतो. दोन वर्षं माळ्यावर होतं म्हणता म्हणजे सेल मेलाय. मग मशीन उठतं ते जन्माच्या तारखेला. आता साइटचं सर्टिफिकेट असतं अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, आणि तुमचं मशीन समजतंय की २००९ चालू आहे, म्हणजे त्याच्या हिशोबाने ते सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलेलं नाही, म्हणून लाल. पायथन कसंबसं बसलं तरी पुढे पिपने, म्हणजे पायथनची जादा पॅकेजं उतरवायच्या कमांडने, काही उतरवायला जाल तेव्हा तिथेही सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड म्हणून बोंब मारणार आणि तुम्ही पायथनला शिव्या घालणार. माझं ठाण्याला स्टेशनजवळ दुरुस्तीचं दुकान होतं सोळा वर्षं, नेट चालत नाही म्हणून आलेल्या जुन्या मशीनपैकी कितीतरी मी फक्त सेल बदलून परत दिल्यात, आणि गिऱ्हाईकाला वाटायचं बाबाने मोठी जादू केली.

सेल घड्याळवाल्याकडे मिळतो, पन्नासच्या आत. मशीनची पिन सॉकेटमधून काढा, नुसतं स्विच बंद नको. क्लिप बोटाने बाजूला सारली की सेल वर उडतो, नवा बसवताना अधिकची खूण वर. जुना आधीच मेलेला आहे त्यामुळे काढल्याने सेटिंग जातील वगैरे भीती नको, ती रोजच जातायत. मग बायोसमध्ये जाऊन तारीख वेळ टाका, सेव्ह करा.

त्यानंतर क्रम असा. आधी सर्व्हिस पॅक १. मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगवर केबी९७६९३२ शोधा, एक्स८६ म्हणजे ३२ बिटवाली फाइल, पाचशे एमबीच्या वर आहे, सी ड्राइव्हवर चार-पाच जीबी मोकळी ठेवा आणि मशीन तासभर सोडून द्या. मध्ये रिस्टार्ट होईल, कोणाला बटण दाबू देऊ नका. मग दोन छोटी अपडेट, केबी२९९९२२६ आणि केबी३०६३८५८. पहिल्यात ती सी ची रनटाइम फाइल येते जिच्यावाचून पायथन ३.५ पासून पुढचं काही उठत नाही. दुसरं मी सांगतोय कारण पायथनला हवं असलेलं केबी२५३३६२३ कुठे सापडत नाही आता, त्याच्या जागी हे चालतं. हे सगळं झाल्यावर पायथन. आधी नाही.


टर्मिनल_ताई | रविवार, दुपारी ३:०५

बाबांचं सेलचं निदान एकदम बरोबर, त्याला सलाम. पण त्यानंतरचं सगळं, केबी अमुक केबी तमुक, हे पडक्या घराला रंग लावणं आहे हो, विंडोजऐवजी लिनक्स टाका. ई५२०० हा प्रोसेसर ६४ बिटच आहे, ३२ बिट आहे ते त्यावर टाकलेलं विंडोज. ही गल्लत सगळे करतात, मशीन ३२ बिटचं समजतात आणि मग ३२ बिटचं लिनक्स शोधत फिरतात, जे आता मिळणं अवघड झालंय, डेबियन नावाच्या लिनक्सने १३ पासून ३२ बिटचा इन्स्टॉलर बंद केला, उबुंटूने तर केव्हाच. तुम्हाला त्याची गरजच नाही. सरळ ६४ बिट डेबियन घ्या, डेस्कटॉप एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी, गनोम नको, २ जीबीत गनोम म्हणजे ठाणे स्टेशनला सकाळी साडेआठची फास्ट. डेबियन १२ मध्ये पायथन ३.११ तयार येतं, सी चा कंपायलर जीसीसी ॲप्टने, म्हणजे डेबियनच्या पॅकेज टाकायच्या कमांडने, घेता येतो, सिक्युरिटी अपडेटपण चालू.

एक गोष्ट आधीच सांगते नाहीतर परत धागा काढाल. डेबियन १२ वर थेट पिप इन्स्टॉल केलं की एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट म्हणून एरर येतो. ती बिघाडाची खूण नाही, सिस्टिमच्या पायथनला हात लावू नका एवढंच ते सांगतंय. पायथन३-व्हीएनव्ही पॅकेज टाकून प्रोजेक्टसाठी वेगळं एन्व्हायर्नमेंट करायचं, नाहीतर नमपायसारखं गणिताचं पॅकेज हवं असेल तर ॲप्टनेच घ्यायचं, पायथन३-नमपाय असं नाव असतं.


बायोस_बाबा | रविवार, दुपारी ३:४०

ताई लिनक्सला माझा विरोध नाही, माझ्या दोन्ही मशीनवर तेच आहे. पण माणूस जीआरएन भरणारा, पोरगी परीक्षेच्या तोंडावर, आणि लॅबमध्ये विंडोज. तिला पायथन शिकायचंय का वायफायचा ड्रायव्हर शोधायचाय? आधी आहे ते चालू होऊ दे, सुट्टीत करा लिनक्स.


टर्मिनल_ताई | रविवार, दुपारी ३:५२

त्या काळच्या डेस्कटॉपमध्ये वायफाय असतं कुठे बाबा 😄 पण बरं, पेन ड्राइव्हवरून लाइव्ह चालवून बघा एवढंच म्हणते, हार्डडिस्कला धक्का न लावता.


रोहाऊसवाला | सोमवार, रात्री १०:३०

बाबा तुमचे पाय कुठे आहेत. तारीख १ जानेवारी २००९ होती. सेल काल वाशीला उतरून घेतला, घड्याळवाला म्हणाला चायनाचा देऊ का चांगला देऊ, म्हटलं चांगला दे बाबा, पोरीचं शिक्षण आहे. कॅबिनेट उघडलं तर एसएमपीएसच्या मागे पालीची दोन अंडी. बायको म्हणाली हे आधी बाहेर न्या मग तुमचं पायथन, त्यामुळे बाकी सगळं ऑपरेशन ओट्यावर, म्हणजे बाहेरच्या, टॉर्च लावून झालं. सेल बदलला, एफ१ गेला, क्रोममध्ये साइट उघडायला लागल्या. मुलगी म्हणाली पप्पा तुम्ही आठवडाभर एफ१ का दाबत होतात, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता पुढची अडचण. सर्व्हिस पॅक रात्री लावला, सकाळी झालेला होता, कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये सर्व्हिस पॅक १ दिसतंय. मग मला धीर निघेना, ती दोन छोटी अपडेट न लावताच ३.८.१० चालवलं. निळी पट्टी अर्ध्यापर्यंत गेली आणि सेटअप फेल्ड, ०एक्स८०२४००१७, अनस्पेसिफाइड एरर. आता काय?


बायोस_बाबा | सोमवार, रात्री १०:४४

मी लिहिलं होतं पायथन आधी नाही. वाचता का नुसतं लाइक करता?

काही बिघडलेलं नाही. पायथनचा इन्स्टॉलर स्वतःच ती रनटाइम बसवायला बघतो, आणि ते जमलं नाही म्हणून तो नंबर. केबी२९९९२२६ हाताने लावा, एक्स८६ वाली. मग केबी३०६३८५८. रिस्टार्ट. मग ३.८.१० परत चालवा आणि पहिल्याच स्क्रीनवर खाली ॲड पायथन टू पाथची चौकट आहे तिथे टिक करा, ती राहिली की उद्या परत इथे याल की पायथन इज नॉट रेकग्नाइज्ड म्हणतंय.

आणि ऐरोलीकरांचं एक मात्र ऐका, या मशीनवर बँकेचं, जीपेचं, मेलचं काही उघडायचं नाही. उतरवायचं तेवढं उतरवा आणि नेटची वायर काढून ठेवा.


बॅकबेंचर_०७ | सोमवार, रात्री ११:१०

काका अजून एक. पुढे पिपने काही टाकताना व्हिज्युअल सी++ १४ लागेल असा लांबलचक लाल एरर आला तर ते पाच-सहा जीबीचं बिल्ड टूल्स उतरवायला जाऊ नका, माझ्या मित्राने अख्ख्या महिन्याचा डेटा घालवलाय त्यात. त्याचा अर्थ एवढाच की त्या पॅकेजची तुमच्या पायथनसाठी तयार फाइल नाहीये आणि पिप ते घरी शिजवायला निघालंय. कमांडमध्ये ओन्ली बायनरी लावा, म्हणजे तयार असेल तेच घेईल, नाहीतर सरळ जुनं व्हर्जन मागा. नमपायचं टेन्शन नाही, १.२४ ची ३.८ साठी ३२ बिट फाइल आहे, पिप आपोआप तेच उचलतं. टेन्सरफ्लो वगैरे मात्र विसरा, त्याला एव्हीएक्सवाला प्रोसेसर लागतो, तुमच्यात नाही, आणि डिप्लोमाला ते नाहीच आहे.

आणि पिप बिघडलं म्हणून गेट-पिप नव्याने उतरवलंत तर ३.८ साठी वेगळी फाइल असते ती घ्या, नेहमीची ३.८ वर चालत नाही आता.


ऐरोली_नाका | मंगळवार, सकाळी ८:०५

बरं बाबा, माघार घेतो. पण रॅम तरी ४ करा. बोर्ड जी३१ चा असेल तर दोन स्लॉट, दोन-दोनच्या डीडीआर२ काड्या बसतात, लॅमिंग्टन रोडला सेकंडहँड मिळून जातील. ३२ बिट विंडोजला चारातले सव्वातीनच्या आसपासच दिसतील, त्याचा धागा काढू नका.


रोहाऊसवाला | गुरुवार, रात्री ९:४८

चालू झालं!! दोन्ही केबी लावले, रिस्टार्ट, पायथन बसलं, चौकटीला टिक केली. थॉनीपण टाकला. नमपाय मुलीने स्वतः टाकलं, बॅकबेंचर म्हणाला तसं १.२४.४ आपोआप आलं. थॉनी उघडायला वीसेक सेकंद घेतो पण एकदा उघडला की बरा चालतो.

सर्वात आधी मी बसलो. तेवीस-चोवीस वर्षांनी. फॉर लूप लिहून आमच्या स्टोअरच्या बोल्टांच्या साइझची यादी छापली, एम६ ते एम२०, आणि शेवटी सवयीने सेमीकोलन देत होतो, पोरगी हसते मागे उभी राहून. म्हणते पप्पा इथे नाही लागत. मग कंस कुठे उघडायचा विचारलं तर म्हणे तोही नाही, फक्त स्पेस द्यायची. स्पेसवर प्रोग्राम चालतो हे काही मला पटलेलं नाही अजून.

आता एकच अडकलंय. तिचं प्रॅक्टिकल आहे मेन्यूचं, एक दाबा बेरीज, दोन दाबा वजाबाकी असं. वहीत लिहून दिलेला कोड जसाच्या तसा टाइप केला तरी पहिल्याच ओळीला सिंटॅक्स एरर. ओळ अशी आहे, मॅच, मग व्हेरिएबल, मग कोलन, आणि खाली केस १, केस २. लॅबमध्ये हाच कोड चालतो म्हणते. आम्ही चार वेळा तपासलं, स्पेससकट.


टर्मिनल_ताई | गुरुवार, रात्री १०:०२

टायपिंग बरोबरच आहे तुमचं. मॅच-केस पायथनमध्ये ३.१० ला आलं, ३.८ ला तो शब्दच माहीत नाही. इफ, एलिफ, एल्सने लिहायला सांगा, उत्तर तेच येणार. तसंच दोन डिक्शनऱ्या उभ्या रेघेने जोडणं ३.९ चं आहे, ते दिसलं तर अपडेट फंक्शन वापरायचं. तिच्या वर्षाला एवढे दोनच अडसर येतील बहुतेक. वहीत मात्र सरांनी दिलेलंच ठेवा, मार्क त्यालाच आहेत.

(डेबियन १२ मध्ये ३.११ आहे, तिथे हे चाललं असतं. काही बोलत नाहीये मी.)


बायोस_बाबा | गुरुवार, रात्री १०:०६

बोललात की.


रोहाऊसवाला | गुरुवार, रात्री १०:५५

एलिफने चाललं. भागाकारात तिने शून्य टाकून बघितलं तर झिरो डिव्हिजन एरर आला, तो आपल्या मशीनमुळे नाही ना असं मी विचारलं तर पोरीने असं बघितलं माझ्याकडे की मी उठून जेवायला गेलो. ताई, तो पेन ड्राइव्ह कसा बनवायचा तेवढं लिहून ठेवा, परीक्षा झाली की बघतो. ८ जीबीचा चालेल ना?


टर्मिनल_ताई | गुरुवार, रात्री ११:०१

धावेल. आतलं सगळं पुसलं जातं, लग्नाचे फोटो असतील तर आधी काढून ठेवा.